नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

(परभणीत तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं होतं, कवितेवर बोल. मी कवितेवर बोलणार नाय. कवितेवर बोलणारे प्राध्यापक आता आपल्यातही पुष्कळ झालेत, त्यांना ते पगारात बसतं. मी दहावी पास माणूस. मुंबईला गोदीत बोजा ओढतो, आणि रात्री जागा मिळाली तर लिहितो. मी आज न्याहारीवर बोलणार आहे. हसा, हसून घ्या. पण काल रात्री रेल्वेत उभ्यानं येताना मी विचार करत होतो, की आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना सांगावं असं माझ्याकडं काय आहे? तर एक भांडण आहे. रोज सकाळी गोदीत होणारं भांडण.

आमची टोळी ग्रीन गेटातून आत जाते. इंदिरा डॉक. पूर्वी त्याचं नाव अलेक्झांड्रा डॉक होतं, १९१४ सालचं. राणीचं नाव गेलं, बाईंचं नाव आलं, बोज्याचं वजन तेवढंच राहिलं. कामाला लागायच्या आधी आम्ही डबे उघडतो. एक सोलापूरकडचा, एक मालवणकडचा, दोघं उत्तर प्रदेशचे, आणि मी परभणीचा. मी डबा उघडला की मालवणवाला विचारतो, "आज काय रे?" मी म्हणतो, "सुशीला." झालं. अख्खी टोळी हसती. "सुशीला डब्यात? मग घरी कोण?"

आता तुम्हाला सांगायला नको सुशीला काय ते. मुरमुरे भिजवायचे, पिळायचे, कांदा-मिरचीची फोडणी द्यायची, वरून फुटाण्याचं कूट. नांदेड-परभणी-लातूरकडं सकाळच्या पारी स्वस्तात पोट भरणारी गोष्ट. सोलापूरवाला म्हणतो, "आमच्याकडं ह्याला सुसला म्हणतेत." मालवणवाला म्हणतो, "पण हे तर कुरमुरे!" सोलापूरवाला म्हणतो, "चिरमुरे!" मी म्हणतो, "मुरमुरे!" एका भाजलेल्या तांदळाला तीन नावं. तांदूळ बिचारा फुगून बसलेला.

असंच भगरीचं. मी भगर म्हणतो, मुंबईवाले वरी म्हणतात. मी हुलगे म्हणतो, मालवणवाला कुळीथ म्हणतो. त्याची आई त्याची पिठी करती, माझी माय शेंगोळे करती. तो म्हणतो पिठी, सोलापूरवाला म्हणतो माडगं. माझे धपाटे, पुणेवाल्याचं थालीपीठ. इथपर्यंत भांडण गोड आहे. ह्याच्यात कुणाचा जीव जात नाही. बारा कोसांवर भाषा बदलती, तर चूल का बदलू नये?

पण थांबा. धपाटे आणि थालीपीठ एकच आहे का? मुकादम म्हणतो एकच. मी म्हणतो नाही. थालीपिठाला भाजणी लागती. भाजणीला ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी असं सगळं आधी घरात असावं लागतं. ते भाजायला वेळ लागतो, डब्यात भरून ठेवायला डबा लागतो. धपाट्याला काय? ज्वारीचं पीठ आहे ना, त्यात मूठभर बेसन असलं तर घाल, नसलं तर राहू दे. हळद, तिखट, कांदा, ताक मिळालं तर ताक. थाप आणि तव्यावर टाक. एकाला साठा लागतो, दुसऱ्याला फक्त हात. म्हणजे नाव बदललं की नुसती भाषा बदलत नाही. घरातली कणगी बदलती. भांडण इथून सुरू होतं.

आता 'न्याहारी' हा शब्दच घ्या. आपण त्याला अस्सल गावठी शब्द समजतो. शहरात गेलेली पोरं लाजून 'नाश्ता' म्हणतात, 'ब्रेकफास्ट' म्हणतात. पण न्याहारी हा फारशीकडून आलेला शब्द आहे. नहार म्हणजे सकाळपासून ज्यानं काही खाल्लं नाही तो, उपाशी. उपाशीपोटी पहिल्यांदा जे खायचं ती न्याहारी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादेत अजूनही पहाटे नहारी मिळती. नळ्या, पाये रात्रभर मंद आचेवर शिजवायचे, पहाटे रोटीबरोबर ओरपायचे. लोक रांगा लावतात. पुस्तकांत त्याचे रंगीत फोटो छापतात. नवाबी पदार्थ म्हणतात.

आणि आपल्या वस्तीत माझी आजी तेच करायची. नळ्या, खुर, रात्रभर चुलीच्या निव्यावर. सकाळी त्यात भाकर चुरायची. ते नवाबी झालं नाही. ते 'त्यांच्यातलं खाणं' झालं. हाड तेच, आच तीच, पहाट तीच. फरक एवढाच की एकाचं नाव ठेवलं आणि दुसऱ्याला नावं ठेवली.

मित्रांनो, मराठी भाषेत एका टिंबाचा खेळ आहे. नाव ठेवणं म्हणजे बारसं. नावं ठेवणं म्हणजे निंदा. आपल्या ताटाचं बारसं कुणी केलं नाही. नावं मात्र सगळ्यांनी ठेवली.

मी तिसरीत होतो. बाईंनी विचारलं, सकाळी काय खाऊन आलात, एकेकानं सांगा. पुस्तकात धडा होता, सकस आहाराचा. पहिला बाक म्हणाला पोहे. दुसरा म्हणाला उपीट. तिसरा म्हणाला शिरा. माझी पाळी जवळ यायली तसं माझं पोट गोळा व्हायलं. मी सकाळी चान्या खाल्ल्या होत्या. मटणाच्या पट्ट्या दोरीवर वाळवलेल्या, निखाऱ्यावर भाजलेल्या, वर तेल-तिखट, संगं भाकर. काय सुंदर लागतात! हाताला वास अजून होता. मी हात चड्डीच्या खिशात घातले आणि म्हणालो, "पोहे."

बाई म्हणाल्या, "छान."

ती माझी पहिली कविता. म्हणजे मी बनवलेली पहिली ओळ. खोटी ओळ, आणि तिला शाबासकी मिळाली. आज माझी एखादी कविता छापून आली आणि कुणी 'छान' म्हणालं, की मला पहिल्यांदा शंका येती, मी परत पोहे तर नाही सांगितले?

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मारलं नाही, हाकललं नाही. व्यवस्थेला दर वेळी काठी लागत नाही, भावांनो. धड्यात तीन पदार्थांची नावं छापली की चौथ्याची जीभ आपोआप टाळ्याला चिकटती.

आता शिळ्या भाकरीकडं या. आपल्यातल्या म्हाताऱ्यांना येसकर पाळी आठवती. गावचं काम करायचं, मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा न्यायचा, आणि संध्याकाळी घोंगडी पांघरून घरोघर भाकर मागायची. तऱ्हेतऱ्हेच्या घरची तऱ्हेतऱ्हेची भाकर. उरली की उन्हात वाळवायची. ते कुटके. पावसाळ्यात कामं नसली की ते कुटके पाण्यात उकळायचे, मीठ-मिरची टाकायची. ही आमच्या पणजीची न्याहारी. आता पांढरपेशांच्या घरी काल रात्रीची पोळी उरती. ती सकाळी कुस्करतात, कांदा, हळद, मोहरी घालून परततात. फोडणीची पोळी. तिच्यावर लेख येतात, आईच्या हातची आठवण म्हणून डोळे पाणावतात. पाणावू द्या, माझी तक्रार नाही. शिळं वाया न घालवणं ही शहाणपणाची गोष्ट आहे. पण शिळं तेही आणि शिळं हेही. एक काटकसर ठरली, एक लाचारी ठरली. कारण एक भाकर स्वतःच्या तव्यावरची होती आणि दुसरी दुसऱ्याच्या उंबऱ्यावरची.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका, शिळंपाकं मागू नका. चवदार तळं आपण दरसाल २० मार्चला आठवतो. पाण्याच्या बरोबरीनं ते अन्नाचंही बोलले होते हे विसरतो. ते चवीबद्दल बोलत नव्हते. ते उंबऱ्याबद्दल बोलत होते. ज्या खाण्याच्या बदल्यात माणूसपण गहाण पडतं ते खाणं सोडा, असं ते म्हणत होते. माझ्या पणजोबानं ढोर ओढणं सोडलं. गावानं वाळीत टाकलं, पण सोडलं. मला त्याचा अभिमान आहे.

पण आज एक गडबड झाली आहे. आपल्यातलेच शिकलेले काही लोक ह्या गोष्टीचा उलटा अर्थ लावतात. म्हणतात, बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून आपण सगळंच सोडावं, दुसऱ्यांसारखं खावं, म्हणजे आपण सुधारलो. अरे, लाचारी सोडायला सांगितली होती, आठवण नव्हे. १९४८ साली त्यांनी 'द अनटचेबल्स' हे पुस्तक लिहिलं. अस्पृश्यतेचा गोमांसाशी संबंध कसा जोडला गेला ह्याची त्यात मांडणी आहे. त्यांनी ताटाकडं इतिहास म्हणून पाहिलं. आपण ताटाकडं डाग म्हणून पाहतो.

महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा आहे. १९९५ ला त्यात बैल-वळू धरायची दुरुस्ती मंजूर झाली, तिला राष्ट्रपतींची संमती २०१५ साली मिळाली. राज्याबाहेर कापलेलं मांस जवळ बाळगणं हाही त्यात गुन्हा होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये रद्द केलं. म्हशी-रेड्याला त्या कायद्याची बंदी नाही. पण कायद्याची कलमं गल्लीत कोण वाचतो? गल्लीत भीती वाचतात. मुंबईत भाड्याची खोली बघायला गेलो की मालक पहिलं विचारतो, "तुमच्यात काय काय खातात?" तो माझी भूक विचारत नाही, जात विचारतो. मग माझी माय, जी परभणीत ठसक्यात सांगायची 'आज वशाट हाय', ती मुंबईत हळू आवाजात म्हणती, 'आज भाजी हाय.' मटण भाजी झालं, मोठ्याचं भाजी झालं, सुकट भाजी झाली. एवढ्या पदार्थांचं एकच नाव. मालवणवाल्याच्या आणि माझ्या भांडणात एका गोष्टीला तीन नावं होती. इथं दहा गोष्टींना एकच नाव, आणि तेही खोटं. भाषेची गरिबी ती ही.

आता धान्याकडं येतो. कारण माझी गोदी आणि तुमची परभणी एका दाण्यानं बांधलेली आहे.

१९७२ चा दुष्काळ. माझी आजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. खडी फोडायला होती. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला मिलो. लाल, जाड, अमेरिकेतून आलेली ज्वारी. आजी म्हणायची, "ती भाकर थापताना तुटायची अन् खाताना तुटायची नाही." ते अमेरिकी धान्य जहाजानं आलं होतं. मुंबईच्या गोदीत असली धान्याची जहाजं वर्षानुवर्षं रिकामी झाली, माझ्यासारख्याच कुणाच्या तरी पाठीवरून. पोत्यावर दात्याचं नाव छापलेलं. उचलणाऱ्याचं नाही, फोडणारीचं नाही. त्या धान्याबरोबर एक गवत आलं असं लोक म्हणतात. त्याला लोकांनी काँग्रेस गवत नाव ठेवलं. बघा, जनतेला नाव ठेवता येतं! संधी मिळाली की ती अचूक ठेवती.

दुष्काळाचं साल आणि ब्राह्मणगावचं साल एकच, १९७२. ह्याच जिल्ह्यात आपल्या बायांची विटंबना झाली. ते ऐकून मुंबईतली पोरं पेटली आणि त्यातून काय उभं राहिलं ते तुम्हाला माहीत आहे. आणि त्याच साली मे महिन्यात ह्याच परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. भूक, अत्याचार आणि विद्यापीठ एकाच वर्षात. असा आपला जिल्हा.

त्याआधी १९६४ ला हायब्रीड ज्वारी आली होती. उतारा जास्त. पण दाणा भरायच्या वेळी पाऊस लागला की कणीस काळं पडायचं. पांढरी, टपोरी जवारी मालकाच्या कणगीत आणि काळी हायब्रीड मजुराच्या पदरात. मजुरी म्हणून. तिची भाकर काळीनिळी. त्यावरून शिवी निघाली, मरतुकड्या पोराला म्हणायचं, "हायब्रीड हायस का रे?" म्हणजे आमच्या पदरात निकृष्ट धान्य टाकायचं आणि मग त्याच धान्याचं नाव आमच्या पोराला चिकटवायचं.

आणि आता? २०२३ हे साल जगानं भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. सरकारनं ज्वारी-बाजरीचं नाव ठेवलं 'श्री अन्न'. आपल्याच विद्यापीठानं २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण दिलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं. शास्त्रज्ञांचं काम चांगलंच आहे, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण रेशनच्या दुकानात आपल्याला काय मिळतं? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य. २०२३ पासून फुकट. पण बहुतेक गहू आणि तांदूळ. शिवारात बघा, ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि कापूस. मजुराला आता ज्वारी विकत घ्यावी लागती आणि ती गव्हापेक्षा महाग पडती. माझी माय मुंबईत सणासारखी भाकर करती. मोठमोठ्या हॉटेलात कण्यांना, आंबिलीला इंग्रजी नावं देऊन वाट्यांतून वाढतात. आम्ही खात होतो तेव्हा ते गरिबाचं जळकं खाणं होतं. आमच्या ताटातून गेल्यावर त्याला श्री लागला. माणूस वगळला की अन्न पवित्र होतं, असा हा हिशोब आहे.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट सांगतो, ती ही की भुकेची आरती करू नका. मला काही कवी भेटतात, ते कुटक्यांवर असं लिहितात की वाटतं कुटके खायलाच पाहिजेत. माझी आजी म्हणायची, "लेकरा, कुटके ग्वाड लागत नव्हते. भूक ग्वाड लागत होती." भूक ही आपली संस्कृती नाही. भूक आपल्यावर लादलेली आहे. आपली संस्कृती ती, जी त्या भुकेतून बायांनी चव काढली. रक्त, आतडी, पाला, कोंडा, जे फेकलेलं होतं त्यातून ताट उभं केलं. ते कसब आहे. त्याला कसबाचं नाव द्या.

शाहू पाटोळे ह्यांनी हे काम केलं. धाराशिवकडचे, आपल्याच मराठवाड्याचे. २०१५ साली त्यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' नावाचं पुस्तक लिहिलं, आपल्या वस्त्यांमधल्या खाण्याचं. पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांना त्यांनी नावातच उत्तर दिलं. २०२४ ला ते इंग्रजीत गेलं. एका माणसानं एवढं केलं. पण प्रत्येक वस्तीची चूल वेगळी. परभणीची राहिलीच आहे, गंगाखेडची, पूर्णेची, जिंतूरची राहिलीच आहे.

गंगाखेड म्हटलं की जनाबाई. दळण-कांडण करणारी दासी. तिनं दळता दळता अभंग रचले आणि सातशे वर्षं ती जात्यासकट टिकली. म्हणजे दळणारीचं नाव राहू शकतं, तिनं स्वतः उच्चारलं तर.

दुसरी गोष्ट, जरा टोचेल. ही नावं आपल्याला कुठं माहीत आहेत? आपण पोरं रात्री दोनपर्यंत क्रांतीच्या गप्पा मारतो आणि सकाळी पाच वाजता चूल माय पेटवती. मी चान्यांवर कविता लिहिली. छापल्यावर मायला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाबा, तू लिवलंस ते बरं हाय, पर आधी मीठ लावतेत, मंग वाळवतेत. तू उलटं लिवलंस." मला कसं माहीत असणार? मी फक्त खाल्ल्या होत्या. वाळवल्या तिनं, राखल्या तिनं, मांजर-कावळे हाकलले तिनं, आणि खाल्ल्या सगळ्यांच्या शेवटी, उरल्या तर. जो माणूस शेवटी जेवतो त्यालाच पदार्थाचं खरं नाव ठाऊक असतं. वाड्यानं आमच्या ताटाला नावं ठेवली हे खरं. पण आपण घरातल्या बाईला कधी विचारलं नाही, हेही खरं.

म्हणून आज घरी गेल्यावर एक वही घ्या. शाळेतली साधी वही. आजीला, मायला, मावशीला विचारा. पदार्थाचं नाव तिच्या तोंडून जसं येईल तसं लिहा. शुद्ध करू नका. ती 'जवारी' म्हणाली तर 'ज्वारी' लिहू नका. कशाचा, कसा, कोणत्या महिन्यात, धान्य कुठून आलं, मजुरीचं का मागून आणलेलं, पहिल्यांदा कोण जेवलं आणि शेवटी कोण, हे लिहा. ती लपवायला लागली, 'कशाला लिवतो ते' म्हणाली, तर थांबा. तिचा हात धरून बसा. ती लाज तिची नाही, हे तिला सांगा. मग लिहा. अशी वीस-वीस नावं प्रत्येकानं आणली तर आपल्या ह्या फाटक्या मासिकाची पानं कमी पडतील. आणि लिहिता लिहिता एकदा तरी चुलीपुढं बसून स्वतःच्या हातानं करा.

आणि तिसरी गोष्ट रेशनच्या दुकानावर जाऊन विचारायची. श्री अन्न श्रीमंताला असेल तर आम्हाला श्री नको, अन्न द्या. पाच किलोत ज्वारी का नाही, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारा. नाव आणि भाकर दोन्ही मागायची. नुसतं नाव मिळालं तर पोट रिकामं, नुसती भाकर मिळाली तर मान खाली.

माझं संपलं. रात्रीच्या गाडीनं परत जायचं आहे. मायनं डबा दिला आहे. त्यात काय आहे ते मला माहीत आहे, गाडीत फडकं सोडलं की डब्यालाही कळेल. परवा सकाळी ग्रीन गेटात मालवणवाला विचारील, "आज काय रे?"

ह्या वेळी मी पोहे सांगणार नाही.

जयभीम.